पिकअपच्या हौद्यातील सरकता फ्रीज : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आम्ही पर्थला राहतो. आमच्याकडे दोन रांगांच्या आसनांची टोयोटा हायलक्स पिकअप असून हौद्यावर फायबरग्लासचे बंद छत बसवलेले आहे. येत्या जुलैत मुलांना घेऊन ब्रूमला आणि तेथून गिब रिव्हर रोडने कुनुनुराकडे जाण्याचा बेत आहे. त्यासाठी ५० लिटरचा, बारा व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रीज घेतला असून फाळका उघडल्यावर तो बाहेर ओढता येईल अशा सरकत्या ट्रेवर बसवायचा आहे. ट्रे विकणाऱ्याने सांगितले की, हौद्याच्या पत्र्यात चार स्क्रू मारले की काम झाले. मित्र म्हणतो की, पत्र्याला भोक पाडूच नका, नुसते पट्ट्याने आवळा. कोणाचे ऐकावे? वायर कोणती वापरावी?

उत्तर : दोघांचेही ऐकू नये. हौद्याचा तळ भक्कम वाटतो तो त्याला दिलेल्या लांबट पन्हाळींमुळे. प्रत्यक्षात तो पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो आणि त्यात मारलेल्या स्क्रूला पकड घ्यायला एखाद-दुसरा आटाच मिळतो. नुसत्या पट्ट्याने आवळलेला ट्रे बंद असेपर्यंत जागेवर राहील, पण फ्रीज बाहेर ओढल्याबरोबर त्याचे आतले टोक उचलू लागेल, आणि पट्टा कितीही ताणलेला असला तरी तो थोडा लांबतोच.

किती जोर लागतो याचा हिशेब घरी बसून करता येतो आणि तो करूनच सामान विकत घ्यावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ५० लिटरचा फ्रीज रिकामा असताना सुमारे २२ किलोचा असतो आणि दूध, भाज्या, मांस व पाण्याच्या बाटल्या भरल्यावर ५५ किलोपर्यंत सहज जातो. त्यात ट्रेच्या सरकत्या भागाचे १० किलो मिळवले की ६५ किलो झाले. ट्रेची खालची चौकट ८५ सेंटीमीटर लांब आहे आणि फ्रीज पूर्ण बाहेर आल्यावर त्याचा मध्य चौकटीच्या बाहेरच्या कडेपासून ४० सेंटीमीटर पुढे जातो, असे धरू. आतल्या टोकाचे बोल्ट त्या कडेपासून ८० सेंटीमीटरवर असतील, तर त्यांच्यावर वर खेचणारा जोर सुमारे ३२ किलो येतो. हा आकडा धडकी भरवणारा नाही. पण आपला मुलगा सरबताची बाटली शोधताना ट्रेच्या टोकावर ४० किलोचा भार टाकून रेलला की हाच जोर ७० किलोवर जातो, आणि चौकटीच्या बाहेरच्या कडेखालच्या पत्र्यावर त्या क्षणी पावणेदोनशे किलोचा दाब पडतो. स्क्रू उपटतात ते आतल्या टोकाला आणि पत्रा बसतो तो बाहेरच्या टोकाला. ही दोन्ही टोके सांभाळणे म्हणजेच हे सगळे काम होय. ट्रे ज्यावर सरकतो ती रेल कोणत्या कंपनीची घ्यायची हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

याखेरीज गाडी चालू असतानाचे जोर आहेत. ऑस्ट्रेलियात भार बांधण्यासंबंधीच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत हे प्रमाण स्पष्ट दिलेले आहे : भार पुढे सरकू नये म्हणून त्याच्या वजनाच्या ०.८ पट, बाजूला व मागे ०.५ पट आणि वर उडू नये म्हणून ०.२ पट जोर बांधणीने सोसला पाहिजे. भरलेला फ्रीज आणि पूर्ण ट्रे मिळून ८० किलो धरले तर पुढच्या दिशेने ६४ किलो आणि बाजूला ४० किलो होतात. लक्षात ठेवावे की हे प्रमाण जोरात ब्रेक लावणे, वळण घेणे, खड्ड्यातून जाणे अशा नेहमीच्या प्रवासासाठीचे आहे, अपघातासाठीचे नाही. म्हणून बांधणी याच्या बरीच वर असावी.

आता प्रत्यक्ष कृती. हौद्याच्या तळावर प्रथम १८ मिलिमीटर जाडीचे, पाण्याने न फुगणारे मरीन प्लायवूड शक्य तितक्या पूर्ण रुंदीचे बसवावे, म्हणजे बाहेरच्या कडेचा दाब एका रेषेवर न पडता अनेक पन्हाळींवर वाटला जातो. प्लायवूडच्या कापलेल्या कडांना वॉर्निशचे दोन-तीन हात द्यावेत, कारण पाणी पृष्ठभागातून नव्हे तर कडेतून आत शिरते. ट्रेची चौकट या प्लायवूडवर आणि प्लायवूड गाडीवर, असे दोन स्वतंत्र जोड मी सुचवतो. त्यामुळे पुढे ट्रे बदलला तरी गाडीला नवी भोके पाडावी लागत नाहीत. बोल्ट आठ मिलिमीटरचे घ्यावेत आणि ते हौद्याखालून आडव्या गेलेल्या पोलादी पाटांजवळ उतरतील अशी जागा निवडावी. खाली साधा वॉशर न लावता तीन-चार मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी पोलादी पट्टी लावावी आणि त्या पट्टीवर नायलॉनच्या कड्याचा नट वापरावा. हौद्यातील सामान बांधण्याच्या मूळ कड्या योग्य जागी असतील तर त्यांची बोल्टची भोके वापरणे सर्वांत चांगले, कारण तेथे कारखान्यानेच मजबुती दिलेली असते. रिव्हनट (पत्र्यात एकाच बाजूने बसवता येणारे आटेदार रिव्हेट) पुढच्या व बाजूच्या जोरासाठी ठीक असतात. आतल्या टोकाला मात्र, जेथे सतत वर खेचले जाते तेथे, आरपार बोल्टच हवा.

भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली झोपून पाहणे अपरिहार्य आहे. इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि मागच्या दिव्यांचे वायरिंग नेमके कोठून गेले आहे ते पाहावे, खडूने खूण करावी आणि ड्रिलच्या पात्यावर अंगठ्याएवढी लांबी मोकळी सोडून चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे पाते त्याहून खोल जाऊ लागले की लगेच कळेल. भोक पाडल्यावर कडेचे कंगोरे कानशीने घासून काढावेत, उघड्या धातूला जस्तयुक्त प्रायमर लावून तो पूर्ण वाळू द्यावा आणि बोल्ट घालताना त्याच्याभोवती पॉलियुरेथेन सीलंटचे वेटोळे द्यावे. पोलादी कण हौद्यात विखुरलेले राहिले तर दुसऱ्याच पावसानंतर रंगावर तांबूस ठिपके उठतात, म्हणून ते लोहचुंबकाने उचलून घ्यावेत. गाडीच्या गंजरोधक हमीवर अशा भोकांचा परिणाम होतो का, हे हमीपत्र वाचून आधी पाहावे.

रेल निवडताना तिची क्षमता पूर्ण बाहेर आलेल्या स्थितीतील आहे की मिटलेल्या स्थितीतील, हे विचारावे. जाहिरातीत बहुधा मोठा आकडा दिलेला असतो, आणि तो खडबडीत रस्त्यावर हेलकावे खाणाऱ्या भाराचा नसतो. आपल्या फ्रीजसाठी सुमारे २२५ किलो क्षमतेच्या वर्गातील रेल घ्यावी; हा अतिरेक नव्हे. कुलूप दोन्ही स्थितींत लागणारे, म्हणजे मिटलेली असतानाही आणि पूर्ण उघडलेली असतानाही अडकणारे हवे. उतारावर गाडी उभी असताना उघडी रेल आपोआप परत आली तर बोटे चिरडतात, आणि चढावर मिटलेल्या रेलचे कुलूप सुटले तर ६५ किलोचा भार आतून फाळक्यावर आदळतो. फ्रीज ट्रेवर बांधताना पट्टा ट्रेच्याच कड्यांना लावावा, हौद्याच्या नव्हे. आणि तो केवळ फ्रीजच्या मुठीतून न घेता अंगावरूनही घ्यावा, कारण मुठी उचलण्यासाठी असतात, हजारो धक्के सोसण्यासाठी नव्हे.

हे धक्के म्हणजे काय, ते गिब रिव्हर रोडवर आपल्याला कळेलच. डर्बीजवळून निघणारा सुमारे ६६० किलोमीटरचा हा रस्ता बहुतांश कच्चा आहे आणि त्याच्या मोठ्या भागावर आडव्या लाटा पडलेल्या असतात. घराच्या छपरावरील पन्हाळी पत्र्यावरून आडवे चालत जावे तशी गाडी तासन् तास थरथरते. त्यात नट सैल होतात. यावर उपाय साधा आहे : प्रत्येक नट आवळून झाला की नट, बोल्टचे टोक आणि खालची पट्टी यांवरून पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढावी. रोज मुक्कामाला पोहोचल्यावर टॉर्च घेऊन खाली पाहिले की ज्या नटावरील रेघ तुटलेली दिसेल तोच आवळायचा. पाना घेऊन सगळे तपासत बसावे लागत नाही. हा रस्ता ज्यातून जातो त्या किंबर्ली प्रदेशातील लाल धूळ पिठासारखी बारीक असते. रेलला ग्रीस लावले तर ती त्यात मिसळून घासणारी लुगदी होते आणि बेअरिंग खाऊन टाकते. म्हणून ओल्या ग्रीसऐवजी वाळल्यावर कोरडे राहणारे पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) स्प्रे वापरावे आणि धूळ आधी ब्रशने झाडावी.

निघण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करावी. फ्रीजऐवजी ट्रेवर २० लिटरचे पाण्याने भरलेले तीन कॅन ठेवून ते बांधावेत, ट्रे पूर्ण बाहेर ओढावा, एकाने त्याच्या टोकावर हाताने भार द्यावा आणि दुसऱ्याने आतल्या टोकाशी, चौकट आणि प्लायवूड यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकवून पाहावे. कार्ड आत गेले तर तो जोड पुन्हा करावा. उघडा फाळका या भाराखाली कोठेही येता कामा नये. ट्रे त्याच्यावरून अधांतरी जावा, त्याला टेकू नये.

वायरीबाबत ऑस्ट्रेलियातील एक खाचखळगा आवर्जून सांगतो. तेथील दुकानात ‘६ मिलिमीटर ऑटो केबल’ म्हणून जी मिळते तिचा तो आकडा वेष्टनासकटच्या व्यासाचा असतो. आतील तांब्याचा छेद सुमारे ४.६ चौरस मिलिमीटर भरतो. ‘४ मिलिमीटर’ केबलमध्ये तर तांबे १.८४ चौरस मिलिमीटरच असते. बॅटरीपासून हौद्यापर्यंत केबल सहा मीटर धरली, तर जाऊन-येऊन बारा मीटर तांबे होते. फ्रीज चालू असताना तो सुमारे ५ अँपिअर घेतो; ‘४ मिलिमीटर’ केबलमध्ये यामुळे जवळजवळ ०.५७ व्होल्ट वाटेतच खर्च होतात, ‘६ मिलिमीटर’मध्ये ०.२३, आणि ८ बीअँडएस या जाड केबलमध्ये सुमारे ०.१३. हे आकडे क्षुल्लक वाटले तरी परिणाम क्षुल्लक नाही. या फ्रीजमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी कमी व्होल्टेजला बंद होण्याचे टप्पे असतात आणि वरचा टप्पा बहुतेकांत ११.८ व्होल्टच्या आसपास असतो. बॅटरीत १२.३ व्होल्ट असताना बारीक केबलच्या टोकाशी फ्रीजला ११.७ दिसतात, तो बंद पडतो, आणि लोक फ्रीजला किंवा बॅटरीला दोष देतात. म्हणून ८ बीअँडएस घ्यावी. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावरच १५ अँपिअरचा फ्यूज बसवावा; फ्यूज फ्रीजजवळ बसवला तर मधली सगळी केबल असुरक्षित राहते. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधील प्लग थरथरीने हमखास ढिला होतो, त्यापेक्षा ५० अँपिअरचे अँडरसन कनेक्टर लावावेत.

ट्रेबरोबर सरकणारा केबलचा तुकडा हा या जोडणीतला सर्वांत नाजूक भाग आहे. तो ट्रेच्या पूर्ण प्रवासाहून हातभर जास्त लांब असावा, लवचिक नळीत घातलेला असावा, आणि त्याचे एक टोक चौकटीला व दुसरे ट्रेला पक्के बांधलेले असावे, म्हणजे ओढ कनेक्टरवर न येता बांधणीवर येते. ट्रे सावकाश दहा-बारा वेळा आत-बाहेर करून केबल रेलमध्ये चिमटत नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे.

फ्रीजसाठी वेगळी बसवायच्या दुसऱ्या बॅटरीचा हिशेब थोडक्यात असा : उष्ण हवेत हा फ्रीज दिवसभरात ३५ ते ५० अँपिअर-तास घेईल. १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी त्याला गाडी न चालवता जवळपास दोन दिवस पुरते, तेवढीच एजीएम (शिसे-आम्लाची) बॅटरी निम्मीच वापरायची असल्याने एक दिवस. लिथियम बॅटरी इंजिनाच्या उष्णतेजवळ ठेवू नये. ती हौद्यात ठेवावी आणि डीसी-डीसी चार्जरमार्फत, म्हणजे गाडीच्या विजेवर दुसरी बॅटरी योग्य व्होल्टेजने भरणाऱ्या यंत्रामार्फत, चार्ज करावी. बंद छताखाली दुपारी हवा फार तापते, तेव्हा फ्रीजच्या जाळीसमोर किमान पाच-सात सेंटीमीटर मोकळी जागा सोडावी आणि तेथे झोपण्याच्या पिशव्या कोंबू नयेत.

प्रश्न : मेलबर्नमध्ये आम्ही असाच ट्रे बसवून घेतला. काम उत्तम झाले आहे, परंतु माझी उंची पाच फूट दोन इंच असल्याने फ्रीजच्या तळाशी काय आहे ते मला दिसतच नाही. पतीला काही अडचण येत नाही. यावर उपाय आहे का?

उत्तर : उपाय आहेत, मात्र ही अडचण विकत घेण्यापूर्वीच सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य होते, असे मला मनापासून वाटते, कारण स्वयंपाक करणारी व्यक्ती दिवसातून अनेकदा त्या फ्रीजपाशी जाणार असते. चार चाकांना ओढ असलेल्या पिकअपचा तळ जमिनीपासून ८० ते ९० सेंटीमीटरवर असतो. त्यावर प्लायवूड आणि ट्रे मिळून १० सेंटीमीटर आणि फ्रीजची उंची ४५ ते ५०, म्हणजे झाकण सुमारे १.४ मीटरवर येते. आपला खांदा साधारण १.३ मीटरच्या आत असणार. हात आत जाईल, नजर जाणार नाही.

बाहेर आल्यावर खाली झुकणारे किंवा समांतर खाली उतरणारे ट्रे मिळतात आणि ते खरोखर उपयोगी आहेत, पण ते साध्या ट्रेपेक्षा बरेच जड व महाग असतात. वर सांगितलेला उचलणारा जोर त्यांत आणखी वाढतो, कारण भार अधिक पुढे जातो. म्हणून साध्या ट्रेचे बोल्ट तसेच ठेवून त्यावर उतरता ट्रे बसवू नये, आतल्या टोकाची बांधणी नव्याने करावी. त्याआधी स्वस्त उपाय करून पाहावा : जमिनीवर ठेवायची २० सेंटीमीटर उंचीची, घडी होणारी, रुंद पायांची ॲल्युमिनियमची पायरी घ्यावी, आणि फ्रीजमध्ये तारेच्या दोन उंच टोपल्या ठेवाव्यात, म्हणजे तळातील वस्तू शोधण्याऐवजी टोपलीच वर उचलता येते. फाळक्यावर चढून उभे राहण्याची सवय मात्र लावून घेऊ नये. पुढे कधी फ्रीज बदलायचा झाला तर झाकण कोणत्या बाजूला उघडते, ते पाहून घ्यावे. आपल्याकडे तोंड करून उघडणारे झाकण आपल्या आणि डब्यांच्या मध्ये उभे राहते.

प्रश्न : नाशिकला माझ्याकडे इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आहे. हौद्यावर सपाट, कुलूपबंद झाकण आहे. सुट्टीत कोकणात जातो आणि परतताना मासळी आणतो. येथे तयार ट्रे मिळाला नाही. फर्निचरचे टेलिस्कोपिक चॅनेल लावून फॅब्रिकेटरकडून ट्रे करून घ्यावा का?

उत्तर : प्रथम टेप घेऊन उंची मोजावी. आपल्या हौद्याची आतील खोली साधारण ४६ सेंटीमीटर भरते आणि सपाट झाकण तेथेच येते. प्लायवूड व ट्रेचे १० सेंटीमीटर वजा केले की फ्रीजसाठी ३६ उरतात, आणि बाजारातील ३५ लिटरचे फ्रीजसुद्धा बहुधा ४० सेंटीमीटरच्या पुढे असतात. शिवाय सपाट झाकणाखाली हवा खेळत नाही आणि मे महिन्यात कॉम्प्रेसर सतत चालत राहील. म्हणून सपाट झाकण ठेवायचे असेल तर ट्रेचा विचार सोडून द्यावा, हेच माझे मत आहे. बुटका फ्रीज रबराच्या चटईवर फाळक्यालगत ठेवून हौद्याच्या मूळ कड्यांना दोन पट्ट्यांनी बांधावा आणि मुक्कामी झाकण उघडे ठेवावे.

उंच छत बसवून घेणार असाल तर ट्रे जरूर करावा, परंतु फर्निचरच्या चॅनेलवर नव्हे. स्वयंपाकघरातील ड्रॉवरला लागणाऱ्या नेहमीच्या ४५ मिलिमीटर रुंदीच्या चॅनेलच्या जोडीची क्षमता ३५ ते ४५ किलो असते, तीही स्थिर घरात आणि चॅनेल उभे बसवले असतील तर. तेच आडवे, म्हणजे तळाखाली झोपवून बसवले की क्षमता कितीतरी घटते, आणि फॅब्रिकेटर जागा वाचवण्यासाठी नेमके तसेच बसवतात. यंत्रसामग्रीच्या कपाटांसाठीचे, दोन्ही टोकांना कुलूप लागणारे जड चॅनेल औद्योगिक सामानाच्या दुकानात मागवून मिळतात, ते घ्यावेत. चौकट ४० बाय ४० मिलिमीटरच्या चौकोनी पाइपची करावी, वेल्डिंग झाल्यावर तिला जस्ताचा गरम मुलामा देऊन घ्यावा आणि मगच चॅनेल लावावेत.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या व नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. त्यामुळे हौदा कापणे किंवा चॅसिसवर वेल्डिंग करणे टाळावे आणि ट्रे पान्याने सुटून घरी ठेवता येईल असाच बसवावा.

मासळीसाठी एक सूचना. बर्फाचे खारट पाणी रेलमध्ये उतरले की बेअरिंग एका पावसाळ्यात जाम होतात. मासळी घट्ट झाकणाच्या डब्यात भरूनच फ्रीजमध्ये ठेवावी, ट्रेच्या तळाला कडेने दोन सेंटीमीटर उंचीचा काठ आणि मागच्या कोपऱ्यात पाणी जाण्याची नळी फॅब्रिकेटरकडून करून घ्यावी, आणि घरी आल्यावर रेल गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण उघडी ठेवून वाळवावी.